दवाखान्यासोबत विकलेला आवाज

सर,

तुमचं सावडून झालं त्या दुपारी मला तुमचा फोन आला.

मी हॉस्टेलच्या जिन्यात बसले होते. फोन वाजला आणि त्यावर 'सर' असं आलं. मी तो वाजू दिला. बंद झाला, पुन्हा वाजला. शेवटी उचलला तर पलीकडे अमृता मॅडम होत्या. "पूजा, मी आहे," त्या म्हणाल्या. मला 'सर' असंच दिसलं असणार, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. "अगं, नंबर दवाखान्यासोबत माझ्याकडेच आलाय ना," त्या हळूच म्हणाल्या, जणू त्यांची काही चूक झाली होती.

मला ते ठाऊक होतं. नांदेडचा दवाखाना तुम्ही त्यांना विकलात तेव्हा खुर्ची, एक्स-रे मशीन, पेशंटची कार्डं, बाहेरची पाटी आणि हा नंबर, सगळं देऊन टाकलं होतंत. सकाळीच तुमच्या लातूरच्या घरून मी परतले होते, तुमच्या फोटोला हात जोडून. तरी फोन वाजला तेव्हा क्षणभर मला वाटलं, चला, आले.

मला असं काही लिहायची सवय नाही. मुखेडकडे आमच्या गावात कुणी गेलं की बाया गेलेल्याशीच बोलतात. असा कसा गेलास, कुणाच्या भरवशावर टाकलंस, असं मोठ्यानं विचारतात. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. तुमच्या घरी सगळे हळू आवाजात बोलत होते, मुंबईहून कोण कधी निघालं ते एकमेकांना सांगत होते. तुमच्याशी कुणीच बोलत नव्हतं. मला बोलायचं होतं. पण मी तुमची कोण म्हणून बोलणार होते?

बारावीनंतर बाबांची दुखरी दाढ घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो होतो. माझा लातूरला बीडीएसला नंबर लागला होता आणि ते नेमकं काय असतं हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. भावकीत एकानं सांगितलं होतं की दाताची डॉक्टर म्हणजे अर्धी डॉक्टर. बाबा तोंड उघडं ठेवूनच तुम्हाला विचारायला लागले. तुम्ही म्हणालात, "आधी तोंड बंद करा, मग विचारा." दाढ काढून झाल्यावर तुम्ही त्यांना म्हणालात, "पाटील, आज सकाळी तुम्ही अर्धे दुखत होता की पूर्ण?" बाबा नुसते कापूस चावत राहिले. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "जा तू लातूरला."

मग प्रत्येक सुट्टीत मी तुमच्याकडे येत गेले. दातांचं माप घ्यायचं, साच्याचं प्लास्टर कालवायचं, म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठवताना आधी पाय खाली सोडायला सांगायचं, नाहीतर चक्कर येते. यातलं निम्मं मला कॉलेजने शिकवलं, निम्मं तुम्ही. कुठलं कुणाचं, ते आता वेगळं काढता येत नाही.

तुमची मान गेली, हाताची बोटं बधिर व्हायला लागली. जन्मभर वाकून दुसऱ्याच्या तोंडात बघितलं, आता मानेनं हिशेब मागितला, असं तुम्ही हसून सांगायचात. दवाखाना विकायचा ठरला. बघायला अमृता मॅडम आणि त्यांचे सासरे आले तो दिवस आठवतो का? सासऱ्यांनी आधी कळवलंच नव्हतं. पेशंट किती येतात ते डोळ्यांनी बघायचं म्हणून दोघं बाहेरच्या बाकावर पेशंट होऊन बसले. शेजारी हदगावचा एक माणूस गाल धरून बसला होता. त्यानं सासऱ्यांना विचारलं, "काका, तुमची कोणती?"

"दाढ," सासरे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"वरली का खालची?"

"खालची."

"मंग तुम्ही आधी जावा. खालची लई वाईट. माझी वरची हाय, मी कळ काढतो."

आणि त्यानं खरंच आपला नंबर दिला. सासरे आत आले, तुम्ही त्यांना खुर्चीत बसवलंत आणि तोंड उघडायला लावलंत. खालची दाढ आतून पूर्ण किडलेली निघाली. दवाखाना बघायला आलेला माणूस दाढ काढून घरी गेला. मी घरी हे सांगितलं तर बाबा हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "बाजारात बैल घेताना त्याचे दात बघतेत. हितं दाताचा दवाखाना घ्यायला आला, तर त्याचेच दात बघून घेतले की."

पण त्याच संध्याकाळी सासऱ्यांच्या फोनवर तुमचा तो आवाज गेला. दात काढलेल्या प्रत्येकाला जायचा तसाच.

"मी डॉक्टर बोलतोय. कापूस अर्धा तास धरून ठेवा, मग टाकून द्या. आज गुळणी करायची नाही, थुंकायचं नाही, लाळ गिळायची. गरम चहा नको. तंबाखू तर नकोच नको, मला वास येतो इथपर्यंत. दुखलं तर घाबरायचं नाही. मी आहे."

आपल्या भागातल्या लोकांना कागदावरच्या सूचना दिल्या की ते घडी घालून खिशात ठेवतात, म्हणून तुम्ही बोलून पाठवायची पद्धत सुरू केली होती. एकदाच बोलून ठेवलेलं, तेच सगळ्यांना. सासऱ्यांना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी आपली चौकशी केली. त्यांनी सुनेला सांगितलं, हाच दवाखाना घ्यायचा, नंबरासकट घ्यायचा. हे मॅडमनीच मला नंतर सांगितलं.

आणि मी तुमच्याशी भांडले.

प्लास्टर कालवायच्या मागच्या खोलीत भांडले. रबराच्या वाटीत कालवलेलं प्लास्टर हातात होतं. मी म्हणाले, "सर, खुर्ची विकता येते. माणसं कशी विकता?"

"माणसं कुठं विकतोय? त्यांच्या पायांना इकडं वळायची सवय लागलीय. ती विकतोय."

"आणि तुम्ही नसल्यावर?"

"म्हणून तर वर्षभर येऊन बसणार आहे. सवय एकदम देता येत नाही. हळूहळू दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते."

"मग आवाज पण विकला?"

"तो फुकट दिला गं," तुम्ही म्हणालात आणि हसलात.

त्या हसण्याचा मला तेव्हा राग आला. आता तर ते हसणं सारखं ऐकू येतं. ओपीडीत पेशंटच्या तोंडात आरसा धरलेला असतो आणि मागून कुणी तरी फुकट दिला गं म्हणतं. मी वळून बघत नाही. वळून बघितलं तर तिथं दुसरंच कुणीतरी असेल, हे मला माहीत असतं.

खरं भांडण वेगळंच होतं, सर. तुम्हीही ते ओळखलं होतंत. माझ्या हातातली वाटी घेऊन खाली ठेवत तुम्ही म्हणालात, "पूजा, मी तुला विचारलं होतं. शिकून झाल्यावर हा दवाखाना घेशील का, म्हणून. तू बघू म्हणालीस."

"तुम्ही परत विचारलंच नाही," मी म्हणाले.

मला ते समजावून सांगता येईना. आमच्याकडे जेवायला बस म्हटलं की माणूस आधी नकोच म्हणतो. पोटात कावळे ओरडत असले तरी नको म्हणतो. मग घरचा माणूस हाताला धरतो, पुन्हा म्हणतो, मग बसायचं. पहिल्याच हाकेला पाटावर बसणाऱ्याला लोक नावं ठेवतात. एवढा मोठा दवाखाना कुणी मला देऊ करतं आणि मी लगेच हो म्हणते, हे माझ्या जिभेला जमणारच नव्हतं. मी 'बघू' म्हणाले आणि वर्षभर वाट बघितली. तुम्ही तिकडे माझी वाट बघत होतात. नको असेल पोरीला, उगाच भीड घालायला नको, असं तुम्हाला वाटलं.

"अगं, दवाखाना म्हणजे काय पोहे आहेत का, परत परत आग्रह करायला?" तुम्ही म्हणालात. मला हसू आलं आणि रडूही. वाटीतलं प्लास्टर तोवर दगड झालं होतं. तुम्हीच ते ठोकून काढलंत. जाताना म्हणालात, "लातूरला आलो की कॉलेजवर येतो. उरलेलं भांडण तिथं करू."

तुम्ही लातूरला मुलाकडे राहायला आलात. कॉलेजवर दोनदा आलात, चहा पाजलात, दोन्ही वेळा आपण वेगळंच काहीतरी बोललो. भांडण राहूनच गेलं. म्हणून आता सांगते. मला तो दवाखाना हवा होता, सर. अगदी पहिल्या दिवसापासून हवा होता. तुम्ही विचारायच्या आधीपासून.

विकल्यानंतर तुम्ही ठरल्याप्रमाणे लातूरहून एसटीने नांदेडला जायचात. खुर्चीच्या डाव्या बाजूला एक स्टूल ठेवलं होतंत. हत्यारांना हात लावायचा नाही, असा तुमचाच नियम. काम मॅडम करायच्या आणि तुम्ही स्टुलावर बसून पेशंटच्या खांद्यावर हात ठेवायचात, एवढंच. "ह्या आमच्या मॅडम. माझ्यापेक्षा हात हलका आहे. मी इथंच आहे." दिवाळीच्या सुट्टीत मी हे बघितलं आणि माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. जे विकलं म्हणून मी भांडले होते ते विकणं नव्हतं. तुम्ही एकेक माणूस हाताला धरून रस्ता ओलांडून देत होतात.

ते वर्ष पुरं झालं नाही. तुम्ही कसे गेलात ते मला चार जणांनी चार तऱ्हेनं सांगितलं, मी इथं लिहीत नाही.

त्या दुपारी मॅडमनी फोन केला होता तो याचसाठी. त्या म्हणाल्या, "पूजा, मी तीन दिवस दात काढलेल्या लोकांना तो मेसेज पाठवतेय. आपोआपच बोट जातं. काल पाठवल्यावर लक्षात आलं, मी काय करतेय."

"मग बंद करा, मॅडम."

"करते. पण लोक विचारतात, सर कुठं आहेत. मी म्हणते, लातूरला. अजून सगळी माणसं माझ्याकडे वळलेली नाहीत गं. सर गेले म्हटलं तर अर्धी लोकं गाडीत बसतील आणि दुसरीकडे जातील. मी काय करू, सांग."

मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. त्या घाबरल्या होत्या. मी म्हणाले, "रविवारी येते."

रविवारपर्यंत मी तो मेसेज किती वेळा ऐकला ते सांगत नाही. माझी अक्कलदाढ तुम्हीच काढली होतीत, त्यामुळे माझ्या फोनवरही तो आहे. आधी कधी शेवटपर्यंत कान देऊन ऐकला नव्हता. 'मी आहे' नंतर तुमचं बोट बटणावरून उचलायला थोडा उशीर झालाय आणि मागून बारीक आवाजात कुणीतरी म्हणतंय, "सर, प्लास्टर संपलं."

तो माझा आवाज आहे. म्हणजे तुम्ही आता जिथून बोलता, त्या खोलीत मी पण उभी आहे, आणि दोन-अडीचशे गावांतल्या लोकांनी मला तिथं ऐकलंय. हे कळल्यावर मी फोन उशीखाली ठेवला आणि दुपारभर हॉस्टेलच्या खोलीत गेले नाही. मैत्रीण विचारायला लागली, बाहेर का बसलीस. काय सांगू?

रविवारी नांदेडला उतरले तर दवाखान्यावर तुमचीच पाटी होती. करारात वर्षभर ठेवायची असं लिहिलंय. आत गर्दी होती, रविवारी खेड्यातली माणसं येतात तशी. स्टूल तिथंच होतं. एका बाईनं त्यावर पिशवी ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, उचलून मांडीवर घेतली.

बाकावर इस्लापूरच्या गयाबाई बसल्या होत्या. तुम्ही त्यांच्या वरच्या कवळीचं माप घेतलं होतंत, मेणाचे दात लावूनही बघितले होते. आता कवळी तयार होऊन आली होती. मधल्या काळात मॅडमनी त्यांचा खालचा एक हलणारा दात काढला होता. मला बघून त्या बोळक्या तोंडानं हसल्या. "आली का ग पोरी. डॉक्टर कवा येणारेत?"

मॅडम आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय उत्तर देणार ते त्या बघत होत्या, आणि बाकावरची सगळी माणसंही. लातूरला आहेत, हे दोन शब्द माझ्या तोंडात तयार होते.

"आजी, आज मॅडमच बसवतील कवळी," मी म्हणाले.

"बसवू दे की. पर डॉक्टरांनी माप घेतलंय, त्यांनी एकदा नजर टाकली म्हंजे झालं. म्या थांबते. गाडी संध्याकाळी हाय."

"आजी, ते आज यायचे नाहीत."

"कामून? परवाच तर बोलले माझ्यासंगं. दात काढला त्या दिशी नातवाच्या फोनवर. घाबरू नको, मी हाय, म्हणाले." त्यांनी शेजारच्या माणसाकडे बघितलं. "एवढा मोठा माणूस, पर ध्यान ठेवतो."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांचा हात धरला. गार होता. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, सर. मी एवढंच म्हणाले, "आजी, ते आता कधीच यायचे नाहीत."

त्यांना लगेच कळलं. म्हाताऱ्या माणसांना असं कळायला वेळ लागत नाही. त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला, पदर तोंडाला लावला. मग पदर काढून त्या म्हणाल्या, "कवा?"

"पाच दिवस झाले."

"मंग परवा बोललं ते कोण?"

"तेच. पण ते आधीचं बोललेलं आहे, आजी. भरून ठेवलेलं. दात काढला की सगळ्यांना जातं."

त्या कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता उठतील, पिशवी घेतील आणि स्टेशनकडे चालायला लागतील. शेवटी मॅडमकडे मान वळवून त्या म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला कामाला लावून राहिले व्हय तुम्ही?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्या तशाच वळल्या. आत गेल्या, दवाखान्याचा फोन आणला आणि माझ्या हातात दिला. "तू काढ," म्हणाल्या. "माझ्या हातून होईना."

मी काढला, सर. सगळ्यांच्या समोर. तुमचा आवाज आणि त्याच्या मागचा माझा. फोन विचारत होता, नक्की काढायचं का. पुन्हा एकदा विचारत होता. मी हो म्हटलं.

बाकावरचा एक माणूस उठून बाहेर गेला. बाहेर तो रडायला गेला की दुसऱ्या दवाखान्यात, ते मला माहीत नाही. दुसरी एक बाई तिच्या पोराला घेऊन गेली. मॅडम बघत होत्या. बाकीचे बसून राहिले.

गयाबाई उठल्या. "बस म्हण की मला," मॅडमना म्हणाल्या, आणि स्वतःच जाऊन खुर्चीत बसल्या. मी स्टूल बाजूला सारून त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. त्यावर बसायचं धाडस झालं नाही. मॅडमनी कवळी पाण्यातून काढली, दोन्ही अंगठ्यांनी वर दाबून बसवली. हात हलकाच होता, तुम्ही सांगायचात तसा. घट्ट बसली. तुमचं माप कुठंही चुकलं नव्हतं. गयाबाईंचा वरचा ओठ भरून आला आणि मला त्या एकदम कुणीतरी वेगळ्याच बाई वाटल्या, तरुणपणी कशा दिसत असतील तशा.

"काहीतरी बोला, आजी," मॅडम म्हणाल्या. "बोलताना सुटते का बघू."

गयाबाईंनी नव्या दातांवरून जीभ फिरवली. आढ्याकडे बघितलं.

"डॉक्टर गेले," त्या म्हणाल्या.

इतके दिवस त्या दवाखान्यात हे कुणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही. एकेक अक्षर स्वच्छ आलं.

मॅडमनी डोळे पुसले आणि पुन्हा वाकल्या. "कुठं टोचतं का?"

"दातं न्हाई टोचत."

"परत एकदा बोला."

"डॉक्टर गेले," गयाबाई म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्यानं, बाहेरच्या बाकापर्यंत जाईल असं.